मंत्र्याची वाणी, लेखनिकाची लेखणी

दुसऱ्याच्या मुखी शब्द घालणे हाच ज्याचा व्यवसाय, तो स्वतःसाठी लिहू लागला म्हणजे काय लिहितो? आंतोनँ बोद्री यांच्या 'के दोर्से' या फ्रेंच चित्रकादंबरीचा (दोन भाग, २०१० व २०११) विचार या प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचा आहे. दोमिनिक द व्हिल्पँ हे २००२ ते २००४ या काळात फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री असताना बोद्री त्यांच्या सल्लागारवर्गात होते व भाषणे लिहीत असत. चित्रे क्रिस्तोफ ब्लँ यांची आहेत. ग्रंथावर मात्र लेखकाचे नाव 'आबेल लांझाक' असे छापलेले आहे. स्वतःच्या पुस्तकालाही त्यांनी परके नाव द्यावे, याचे कारण केवळ सरकारी सावधगिरी असे मानून मोकळे होणे मला पटत नाही. २०१३ साली दुसऱ्या भागास आंगुलेमच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. खरे नाव उघड झाले ते त्या सुमारास.

कथानायक आर्त्युर व्लामिंक हा तरुण. त्याच्याकडे सोपविलेले काम 'लांगाज'चे. सोस्यूर वाचलेल्या विद्यार्थ्यास हा शब्द वेगळ्या अर्थाने परिचित आहे. सोस्यूरच्या विवेचनात तो मानवाच्या समग्र भाषाव्यापाराचा वाचक. मंत्रालयात त्याचे अनेकवचन होते आणि अर्थ उरतो तो एवढाच की, मंत्र्याने कोठे काय बोलावे त्याचे तयार मसुदे. शास्त्रीय संज्ञेची ही कचेरीतील अवस्था आम्हां अध्यापकांस किंचित झोंबणारी आहे, परंतु उद्‌बोधकही आहे. मसुदा लिहावा, मंत्र्याने तो नाकारावा, हेराक्लिटसची वचने त्यात घालावयास सांगावे, पिवळ्या शाईने ओळी रंगवाव्यात, आणि पुन्हा आरंभ. वक्ता कोण व कर्ता कोण, याचा निवाडा वाचकास शेवटपर्यंत करता येत नाही.

येथे ब्लँ यांची रेघ साहाय्यास येते. मंत्री दालनात शिरतात तेव्हा दारे आदळतात, कागद उडतात, आणि ध्वन्यनुकारी अक्षरे चौकटभर पसरतात. पात्राच्या वाक्यांत जे सामर्थ्य नाही ते या आघातांत आहे. गद्य कादंबरीत हे साधले नसते, असे माझे मत आहे. याच्या उलट मोपास हा वयस्क अधिकारी हळू बोलतो, आणि सर्व कामे त्याच्या हातून पार पडतात.

एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. १४ फेब्रुवारी २००३ रोजी व्हिल्पँ यांनी सुरक्षा परिषदेत इराकवरील आक्रमणाविरुद्ध भाषण केले. तेथील प्रथा मोडून टाळ्या झाल्या. मार्चमध्ये युद्ध सुरू झालेच. ग्रंथात इराकचे 'लूस्देम' होते. या कल्पित नावामुळे विनोदास मोकळीक मिळते हे खरे. पण एवढ्या परिश्रमाने घडविलेले शब्द निष्फळ ठरले, तर ते घडविणाऱ्यास काय वाटले, हा प्रश्न लेखकाने टाळला आहे. त्याचे उत्तर फक्त तोच देऊ शकला असता.

बोद्री पुढे चित्रपटाकडे वळले. २०१९ च्या 'ल शां द्यू लू' या त्यांच्या चित्रपटाचा नायक पाणबुडीतील ध्वनितज्ज्ञ आहे. त्याचे काम ऐकण्याचे. आणि या कृतीवर लेखक-दिग्दर्शक म्हणून नाव आहे ते आंतोनँ बोद्री असेच.