प्लॅस्टिकच्या फुलांमागचा माणूस
(भूपेन खख्खर यांच्या चित्रांतील एकटेपण)

आमच्या घरात भिंतीवर माणसाचे चित्र नव्हते. मक्का-मदिनेचे एक कॅलेंडर, आयतुल कुर्सीची चौकट आणि एक बंद पडलेले घड्याळ, एवढेच. मात्र दादीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, एक फोटो जपून ठेवलेला असे. कुवेतला नोकरीला गेलेल्या चाचांनी तिथल्या स्टुडिओत काढून पाठवलेला. मागे पडद्यावर रंगवलेले तळे आणि डोंगर, पुढे छोटे टेबल, टेबलावर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ आणि शेजारी इस्त्रीच्या शर्टातले चाचा ताठ उभे. दादी तो फोटो काढून पाहायची आणि दर वेळी एकच वाक्य बोलायची, "बरा दिसतोय. सुकलेला नाही." मग फोटो पुन्हा कपड्यांखाली. चाचा तिथे एका खोलीत सात जणांबरोबर राहत होते आणि महिनोन् महिने कोणाशी मनातले बोलत नव्हते, हे आम्हांला ते परत आल्यावर कळले. फोटोत यातले काहीच नव्हते. की होते, आणि आम्हांला ते वाचता आले नव्हते?

हा प्रश्न पुन्हा समोर आला तो भूपेन खख्खर यांचे 'मॅन विथ बुके ऑफ प्लॅस्टिक फ्लॉवर्स' (१९७५) हे चित्र पाहताना. चित्राच्या मध्यभागी एक प्रौढ वयाचा माणूस आहे. हातात प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ. चेहऱ्यावर हसू नाही. त्याच्या आजूबाजूला छोट्या छोट्या दृश्यांचे तुकडे आहेत. देवादिकांच्या कॅलेंडरात मध्ये मोठी मूर्ती आणि भोवती तिच्या आयुष्यातले प्रसंग असतात, तशीच ही मांडणी आहे. फरक एवढाच की मध्ये देव नाही. कोणत्याही कचेरीत, कोणत्याही गल्लीत भेटावा असा माणूस आहे. त्याच्या आयुष्यात चमत्कार घडलेले नाहीत. भोवतालची दृश्ये नेहमीच्या जगण्याची आहेत आणि त्यांपैकी एकातही तो पुरता सामावलेला वाटत नाही. फुले कधी कोमेजणार नाहीत; त्यांना वासही येणार नाही.

खख्खर यांचा जन्म १९३४ साली मुंबईत, खेतवाडीत झाला. घर मध्यमवर्गीय गुजराती. वडील लहानपणीच गेले. ते चार्टर्ड अकाउंटंट झाले, पण ओढा चित्रांकडे. अशा वेळी त्यांना गुलाममोहम्मद शेख भेटले. शेख हे स्वतः चित्रकार आणि गुजराती कवी. त्यांच्या आग्रहावरून खख्खर १९६२ साली बडोद्याला गेले, तिथल्या ललित कला विद्याशाखेत कलासमीक्षेचा अभ्यासक्रम करण्यासाठी. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. पुढे अनेक वर्षे ते अर्धा दिवस हिशेबाची नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात चित्रे काढीत. शिवाय गुजरातीत कथा आणि 'मौजीला मणिलाल'सारखे नाटकही लिहीत. २००३ साली बडोद्यातच त्यांचे निधन झाले.

हे चरित्र सांगण्याचे कारण आहे. खख्खर यांनी ज्या माणसांची चित्रे काढली ती त्यांनी दुरून पाहिलेली नव्हती. कारकून, शिंपी, न्हावी, घड्याळजी यांच्यातच त्यांचा दिवस जाई. 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डिलक्स टेलर्स' (दोन्ही १९७२) ही चित्रे पाहावीत. दुकान आहे, पाटी आहे, कामाचे सामान आहे आणि त्यात एक माणूस आहे. रंग बाजारातल्या छापील चित्रांसारखे भडक आणि सपाट. त्या काळी 'उच्च' कलेच्या जाणकारांना हे रंग आवडत नसत. परंतु त्या दुकानातला माणूस स्वतःसाठी हेच रंग निवडील, हे खख्खर जाणत होते. घड्याळजीचा एक डोळा भिंगात आहे. दुसऱ्याच्या वेळेची दुरुस्ती करणारा हा माणूस दिवसभर गिऱ्हाइकांनी वेढलेला असतो, तरी चित्रात तो एकटा आहे. त्याच्यावर दया करा असे चित्र कुठेही सुचवत नाही.

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. मराठीत एकांत आणि एकटेपण हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवायला हवेत. आपल्या परंपरेत एकांताला फार मान आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफला बसणारा माणूस मशिदीच्या एका कोपऱ्यात पडदा लावून राहतो. त्याला कोणी एकटा म्हणत नाही. नक्शबंदी सूफींच्या शिकवणीत 'खल्वत दर अंजुमन' असे एक तत्त्व आहे. मैफलीत बसूनही अंतर्यामी एकांतात असणे, म्हणजे माणसांमध्ये राहून मन अल्लाहकडे लावणे, असा त्याचा अर्थ. खख्खर यांचा माणूसही मैफलीत बसलेला आहे, पण त्याच्या आत सोबतीला कोणी नाही. बाहेर अंजुमन आणि आत रिकामी खोली. सूफींची खल्वत उलटी केली की जे उरते ते हे एकटेपण.

१९७९ साली ते काही महिने इंग्लंडमध्ये चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांच्याकडे राहिले. तिथले 'मॅन इन पब' हे चित्र त्याच वर्षीचे. पबमध्ये उभा असलेला एक गोरा माणूस आणि बाजूला त्याच्या खोलीतली छोटी दृश्ये, अशी त्याची रचना आहे. साहेबाच्या देशात गेलेला आपला माणूस बहुधा वैभव पाहून येतो. खख्खर यांनी तिथेही नेमका तोच माणूस हेरला, जो संध्याकाळी गर्दीत उभा राहतो आणि रात्री खोलीवर परततो. तो माणूस पाहून मला कुवेतची खोली आठवली.

पण हे एकटेपण कशामुळे? इथपर्यंतच्या चित्रांत त्याचे उत्तर दडवलेले आहे. १९८१ सालच्या 'यू कॅण्ट प्लीज ऑल' या चित्रात खख्खर यांनी ते उघड केले. उजव्या बाजूला गच्चीत एक विवस्त्र माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे. समोर निळसर संध्याकाळी गाव पसरलेले आहे. घरे, आपापल्या उद्योगात असलेली माणसे. त्या गावातून एक बाप, त्याचा मुलगा आणि एक गाढव चालले आहेत. एकाच चित्रात ते पुन्हा पुन्हा दिसतात. ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. आमच्या दादीने ती मुल्ला नसरुद्दीनच्या नावाने सांगितली होती. मुलगा बसला तरी लोक नावे ठेवतात, बाप बसला तरी ठेवतात, दोघे बसले तरी ठेवतात, दोघे चालले तरी हसतात. सगळ्यांना खूश करता येत नाही.

गच्चीतला माणूस ही गोष्ट पाहतो आहे आणि तो स्वतः चित्रकार आहे, असे मानले जाते. पुरुषाला पुरुषाविषयी वाटणारे प्रेम ही खख्खर यांच्या आयुष्यातली गोष्ट होती आणि ती त्यांनी वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत झाकून ठेवली होती. आईचे निधन १९८० साली झाले. त्यानंतरच्या वर्षी हे चित्र आले. तेव्हा कायद्याने असे संबंध गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले ते २०१८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. या विषयी धर्म काय म्हणतो हे वाचकांना माहीत आहे आणि त्याचा निवाडा देणे हे या लेखाचे काम नाही. पण ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे आणि ऐकणारे घरात, बिरादरीत, मोहल्ल्यात कोणी नाही, अशा माणसाला ओळखायला निवाड्याची गरज लागत नाही. आपल्यातल्या प्रत्येक घरात असा कोणी तरी असतो. त्याचे गुपित वेगळे असेल, गच्ची तीच असते.

या चित्रात त्याने कपडे उतरवले आहेत, पण तोंड फिरवलेले आहे. मला हे महत्त्वाचे वाटते. तो जगाला उघडपणे सामोरा जाण्याचा आव आणत नाही. तो फक्त पाहतो, आणि त्याच्या खांद्यावरून आपणही पाहू लागतो. स्टुडिओतल्या फोटोसारखा समोर ताठ बसलेला माणूस इथे प्रथमच वळला आहे. आतापर्यंत आपण त्याला पाहत होतो. आता त्याच्याबरोबर पाहतो आहोत. एकटेपण संपले नाही, मात्र त्याला जागा मिळाली.

खख्खर यांच्या चित्रांत एक उणीवही आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या जगात बायका मुख्य पात्र म्हणून क्वचितच येतात. प्लॅस्टिकची फुले धरलेल्या माणसाचे एकटेपण आपल्याला दिसते. त्याच्या घरात दुपारभर एकटी असलेल्या बाईचे दिसत नाही. कुवेतच्या खोलीतल्या चाचांबद्दल मी वर लिहिले. इकडे गावात सासरी राहिलेल्या चाचींचा फोटो कोणी काढलाच नव्हता. ते चित्र अजून काढायचे आहे आणि ते बहुधा एखादी बाईच काढील.

अखेरच्या वर्षांत खख्खर यांना कर्करोगाने गाठले. तेव्हाची चित्रे पाहवत नाहीत अशी आहेत. १९९९ सालच्या एका चित्राचे नावच 'दिवसाअखेर लोखंडाचे गोळे बाहेर पडले' अशा अर्थाचे आहे. शौचाला बसलेल्या माणसाच्या वेदनेचे ते चित्र. आजाराइतके एकटे करणारे दुसरे काही नाही, कारण दुखणे वाटून घेता येत नाही. तेही त्यांनी हातचे राखून न ठेवता, आणि थोड्या वात्रटपणानेही, रंगवले.

आपल्या लेखनाच्या संदर्भात मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. मुस्लिम मराठी साहित्याने समाजाविषयी पुष्कळ लिहिले: तलाक, गरिबी, दंगली, संशयाने पाहणाऱ्या नजरा. ते लिहिणे गरजेचे होते आणि आहे. परंतु आपल्या कथेतला माणूस बहुतेक वेळा समाजाचा प्रतिनिधी म्हणूनच उभा राहतो. तो एकटा असतो तेव्हा काय करतो, हे आपण विचारत नाही. विचारले तर लगेच त्याची 'समस्या' करून टाकतो आणि उपाय सुचवतो. खख्खर यांनी उपाय सुचवला नाही. कारकुनाला देवाच्या जागी बसवले, त्याच्याकडे नीट पाहिले आणि तो आहे तसा राहू दिला.

दादी गेल्यावर तो फोटो माझ्याकडे आला. कडा पिवळ्या पडल्या आहेत. फुलांचा रंग मात्र टिकून आहे. चाचांचा एक हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेला आहे, हे मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाहिले.