सार्वजनिक गोल्फ मैदानाचे व्यवस्थापन व निधी : खारघरच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

मुक्ताईनगरसारख्या तालुक्याच्या गावातून गोल्फच्या मैदानाविषयी लिहिणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याची शक्यता आहे. केळीच्या बागा, हतनूरच्या जलाशयाचा फुगवटा आणि आषाढीसाठी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवणारी मुक्ताईची पालखी ही या परिसराची ओळख होय. गोल्फची काठी येथे चित्रपटातच पाहावयास मिळते. तथापि, शासकीय किंवा निमशासकीय संस्था लोकांच्या जमिनीवर एखादी सुविधा उभी करते, ती 'सार्वजनिक' असल्याचे जाहीर करते आणि नंतर तिच्या देखभालीचा पैसा कोठून येणार याचे उत्तर देत नाही, ही बाब नगरपंचायतीच्या बालोद्यानापासून शंभर एकरांच्या गोल्फ मैदानापर्यंत सारखीच आढळते. गोल्फचे उदाहरण घेण्याचा लाभ एवढाच, की त्यात हा दोष मोठ्या आकारात आणि म्हणून स्पष्ट दिसतो.

महाराष्ट्रातील बहुतेक गोल्फ मैदाने खाजगी क्लबांची, लष्कराची अथवा शासकीय भाडेपट्ट्यावरील आहेत. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासूनचा आहे. सभासदत्व नसलेल्या नागरिकासही शुल्क भरून खेळता यावे अशा स्वरूपाचे मैदान म्हणून सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सचा उल्लेख करावा लागतो. ते 2012 मध्ये सुरू झाले. अठरा होल्सची कल्पना असताना प्रारंभ कमी होल्सनी झाला व विस्तारीकरणाचे काम पुढे हाती घेण्यात आले. देशपातळीवर याच प्रकारातील आधीचे उदाहरण दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लाडोसराय येथील कुतुब गोल्फ कोर्सचे असून ते 2000 मध्ये खुले झाले.

'सार्वजनिक' म्हणजे कोणाचे?

वरील दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे व त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. दिल्ली विकास प्राधिकरण काय किंवा सिडको काय, या दोन्ही संस्था मतदारांनी निवडून दिलेल्या नाहीत. सिडको ही 1970 मध्ये स्थापन झालेली, राज्य शासनाच्या संपूर्ण मालकीची कंपनी आहे. जमीन संपादित करणे, विकसित करणे व भूखंड विकून आलेल्या पैशातून पुढील विकास करणे ही तिची कार्यपद्धती. अशा संस्थेच्या दृष्टीने गोल्फ मैदान हा खर्चाचा विषय फारसा राहत नाही, कारण त्यामुळे भोवतालच्या भूखंडांची किंमत चढते. मैदान तोट्यात चालले तरी चालेल, जमीन नफ्यात विकली जावी, असा हा हिशेब आहे. तो लबाडीचा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु तो जमीन शिल्लक असेपर्यंतच टिकणारा आहे. विकण्यासारखे भूखंड संपल्यावर हिरवळ कापण्याचे बिल कोण भरणार?

खारघरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि खारघर तिच्या हद्दीत गेले. तेथील रहिवासी महानगरपालिकेस मालमत्ता कर देतात. सिडकोचे सेवाशुल्क आणि महानगरपालिकेचा कर असा दुहेरी बोजा पडतो, या तक्रारीवरून तेथे बराच काळ वाद झाला. म्हणजे एका शहरात निवडून आलेली संस्था एक आणि मोठ्या मैदानाचे नियोजन करणारी संस्था दुसरी. त्या मैदानाचे शुल्क किती असावे, कोणास सवलत द्यावी, विस्तारासाठी किती खर्च करावा याविषयी वॉर्डातील नगरसेवकास प्रश्न विचारावयाचा झाल्यास तो सभागृहात कोणत्या विषयाखाली विचारणार?

येथे संविधानाचा संदर्भ अप्रस्तुत ठरू नये. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बगीचे व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांची तरतूद हा विषय नगरपालिकांच्या कक्षेत येऊ शकणाऱ्या बाबींत स्पष्टपणे नमूद आहे. प्रत्यक्षात मात्र राज्याच्या नगरपालिकाविषयक कायद्यांत उद्याने व क्रीडांगणे ही ऐच्छिक कर्तव्यांच्या यादीत बसलेली आहेत. पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता अनिवार्य, मैदान ऐच्छिक. तिजोरीत खडखडाट असलेल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

खर्चाचे स्वरूप

गोल्फ मैदानाच्या अर्थकारणाची चर्चा करताना भांडवली व महसुली खर्चाचा भेद विसरून चालत नाही. अठरा होल्सच्या मैदानास साधारणतः 40 ते 70 हेक्टर जमीन लागते. क्रिकेटचे एक मैदान दीड-दोन हेक्टरांत बसते, म्हणजे तेवढ्या जागेत पंचवीस-तीस क्रिकेट मैदाने मावतील. प्रत्येक होलवर चौघांचा गट धरला तरी एका वेळी बहात्तरच खेळाडू त्या जमिनीचा उपयोग करू शकतात. इतके असूनही देखभाल क्षणभर थांबवता येत नाही. ग्रीनवरील गवत जवळपास रोज तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापावे लागते, माती भुसभुशीत ठेवण्यासाठी भोके पाडून वरून बारीक वाळू पसरावी लागते, बंकरमधील वाळू पावसाने वाहून गेल्यास नव्याने भरावी लागते, निचऱ्याचे पाइप तुंबू द्यायचे नसतात. पावसाळ्याचे चार महिने वगळता उरलेले आठ महिने पाणी द्यावे लागते. आमच्या रावेर-मुक्ताईनगर पट्ट्यात केळीच्या खोडाजवळ ठिबकने थेंब मोजून पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास ही व्यवस्था कशी समजावून द्यावी, हा प्रश्नच आहे. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे हाच या संदर्भात समर्थनीय मार्ग वाटतो. त्यासाठी शुद्धीकरण केंद्र मैदानाच्या आधी हवे. आपल्याकडे बहुधा उद्घाटनाची कोनशिला आधी बसते.

महसुली खर्चात एकदा कपात झाली की तिचा परिणाम लगेच दिसत नाही. गवताचा रंग वर्षभर टिकतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी निचरा बिघडतो, ग्रीन खराब होतात, खेळाडू घटतात, शुल्काचे उत्पन्न घसरते आणि मग 'नूतनीकरण' नावाचा नवा भांडवली प्रस्ताव तयार होतो. टाळलेली देखभाल अखेर कर्जाप्रमाणेच व्याजासह वसूल होते; फरक इतकाच, की ते व्याज अंदाजपत्रकात दाखवले जात नाही. जळगाव शहराने नगरपालिकेच्या काळातील हुडकोच्या कर्जाचा भार वर्षानुवर्षे वाहिला आहे. त्यामुळे कर्ज काढून उभारणी आणि देखभालीस निधी नाही, हे चित्र आपल्या जिल्ह्यातील वाचकांस नवे नाही.

सेंट अँड्र्यूजचा दाखला

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स जगप्रसिद्ध आहे. परंतु ते एखाद्या श्रीमंत क्लबच्या मालकीचे नाही, ही गोष्ट कमी परिचित आहे. खाजगी हातांत गेलेली ही जमीन 1894 मध्ये संसदेच्या कायद्याच्या आधारे नगर परिषदेने पाच हजार पौंडांस परत घेतली. शेजारचे न्यू कोर्स 1895 मध्ये झाले. त्याचा खर्च रॉयल अँड एन्शंट क्लबने केला व मोबदल्यात सभासदांसाठी खेळण्याच्या काही वेळा राखून घेतल्या. क्लबने पैसा दिला, पण मालकी मिळवली नाही. खाजगी सहभागाचा असा करार आपल्या प्रशासकांनी अभ्यासावा असा आहे.

पुढे 1974 च्या सुमारास स्थानिक शासनाची पुनर्रचना होऊन जुनी नगर परिषद बरखास्त होणार, असे ठरले. तेव्हा मैदानाचे काय होणार हा प्रश्न गृहीत न धरता त्याच वर्षी कायदा करून लिंक्स ट्रस्टची स्थापना झाली. जमीन स्थानिक शासनाकडे राहिली, व्यवस्थापन न्यासाकडे गेले, स्थानिक रहिवाशांना सवलतीचे वार्षिक तिकीट मिळाले आणि पाहुण्यांच्या भरघोस शुल्काचा पैसा मैदानांच्या देखभालीत राहिला. रविवारी ओल्ड कोर्सवर सामान्यतः खेळ बंद असतो व गावकरी तेथे मुलाबाळांसह, कुत्र्यांना घेऊन फिरतात. पनवेल महानगरपालिका स्थापन होताना खारघरच्या मैदानाविषयी असा स्वतंत्र विचार झाला असता तर आजची संदिग्धता टळली असती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अमेरिकेतील अनेक नगरपालिका गोल्फच्या उत्पन्नासाठी स्वतंत्र निधी ठेवतात. शुल्क त्यात जमा होते व खर्च त्यातूनच होतो. पद्धत निर्दोष नाही. खेळाडू घटले की निधी रिकामा होतो आणि सर्वसाधारण करदात्याकडे हात पसरावा लागतो. पण तूट किती, हे निदान कागदावर दिसते. आपल्याकडे मैदानाचे भाडे बहुधा सर्वसाधारण निधीत मिसळते आणि मैदान नफ्यात होते की तोट्यात, हे सांगण्याची सोय राहत नाही.

दोन स्थानिक तुलना

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला आणि निर्णय होण्यास 2024 उजाडले. 91 एकर क्लबकडे व 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे, असा तो निर्णय. अकरा वर्षे एवढ्या मोलाच्या जमिनीचा प्रश्न अधांतरी राहू शकतो, यावरून भाडेपट्ट्याच्या व्यवस्थापनाची कल्पना यावी. नवी मुंबईत सीवूड्स परिसरातील पाणथळ जागेवर गोल्फ मैदानासह निवासी प्रकल्प होणार होता. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्ध निर्णय दिला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गोल्फची हिरवळ आणि निसर्गाची हिरवळ एक नव्हे, हे त्या वादातून पुढे आले.

नाशिकचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानास नाशिककर आजही 'गोल्फ क्लब' म्हणतात. तेथे क्रिकेट होते, सभा होतात, पहाटे शेकडो लोक चालण्यास येतात. नावातला क्लब उरला आणि मैदान गावाचे झाले. जळगावात भाऊंचे उद्यान व महात्मा गांधी उद्यान यांना जैन उद्योगसमूहाचा हातभार लाभला व ती टापटीप राहिली. अशा औदार्याचे स्वागत करतानाच, देखभालीचा करार, मुदत आणि प्रवेशशुल्काचा अधिकार कोणाचा हे लेखी असणे आवश्यक आहे, हेही म्हटले पाहिजे.

मुक्ताईनगरपुरता विचार करता, मंजूर अभिन्यासांतील खुल्या जागा आणि विकास योजनेत दाखवली जाणारी मैदानांची आरक्षणे हाच आपला 'गोल्फ कोर्स' होय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार, अंतिम योजनेपासून दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठराविक मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती. पुढील दुरुस्त्यांनी ती बारा व 2015 मध्ये चोवीस महिने झाली. पैसा नसलेल्या संस्थेस चोवीस महिनेही अपुरेच. महाविद्यालयांत पर्यावरणशास्त्राचे प्रकल्प दरवर्षी होतात व बहुतेक 'वृक्षारोपणाचे महत्त्व' या शीर्षकाखाली उतरवून काढले जातात. त्याऐवजी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना अभिन्यासाचे नकाशे हाती देऊन गावातील प्रत्येक खुल्या जागेवर पाठवावे, आज तेथे काय आहे, कुंपण कोणाचे आहे, देखभालीवर मागील तीन वर्षांत किती खर्च पडला याची नोंद नगरपंचायतीच्या हिशेबाशी ताडून पाहावयास सांगावे. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व भूगोल हे तिन्ही विभाग मिळून हे काम एका सत्रात करू शकतात.