सुधारित आवृत्ती: काय घातलं आणि काय काढलं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "विज्ञानाचं किंवा गणिताचं पुस्तक विकत घ्यायचं तर ताजं घ्यावं की जुनं, गाजलेलं?" तेव्हा सभागृहाची वेळ संपली होती, म्हणून आम्ही उत्तर आजवर ढकललं. आजचा तास त्याच प्रश्नासाठी.

सुरुवात घरच्या एका गोष्टीने करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही भाचीसाठी ग्रहताऱ्यांचं एक मराठी पुस्तक आणलं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'सुधारित आवृत्ती' असं छापलं होतं. आत ग्रह नऊ! प्राग इथल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटोला बटुग्रह ठरवलं, त्याला तोवर दहा वर्षं उलटून गेली होती. सुधारलं होतं ते मुखपृष्ठ, आणि किंमत. पोरीने शाळेत आठ ग्रह पाठ केलेले. तिने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मामा, मग यातलं बाकीचं तरी खरं असेल का?"

तिचा प्रश्न बरोबर होता. एक ग्रह जास्त मोजल्याने कुणाचं काही बिघडत नाही, पण त्यामुळे वाचकाचा अख्ख्या पुस्तकावरचा विश्वास जातो. म्हणून आमचं म्हणणं असं, की विज्ञानाच्या पुस्तकाची पारख करताना त्यात नवं काय घातलं एवढंच पाहू नये. काय काढलं, आणि काढल्याचं वाचकाला सांगितलं का, हेही पाहावं.

याचा उत्तम नमुना म्हणजे डार्विन यांचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'. पहिली आवृत्ती नोव्हेंबर १८५९ ची, प्रती साडेबाराशे. दुसरी लगेच जानेवारी १८६० मध्ये आली, आणि सहावी १८७२ मध्ये. मोर्स पेकहॅम या अभ्यासकाने सहाही आवृत्त्यांची ओळ न ओळ ताडून १९५९ मध्ये एक संपादित ग्रंथ काढला. त्यातली मोजदाद बघा. पहिल्या आवृत्तीत ३,८७८ वाक्यं, आणि त्यातली सुमारे पंचाहत्तर टक्के पुढे एकदा ते पाचदा बदललेली. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द आपण डार्विनच्या तोंडी घालतो, ते मूळचे हर्बर्ट स्पेन्सर यांचे. या पुस्तकात ते आले १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत.

आता काढलं काय ते पाहू. दक्षिण इंग्लंडमध्ये वील्ड नावाचा प्रदेश आहे. तिथली जमीन समुद्राने झिजवायला किती काळ लागला असेल, याचा हिशेब डार्विन यांनी पहिल्या आवृत्तीत मांडला होता. शंभर वर्षांत एक इंच झीज धरली आणि उत्तर काढलं तीस कोटी वर्षं. भूशास्त्रज्ञांनी या हिशेबावर टीका केली. दुसऱ्या आवृत्तीत डार्विन यांनी तो सौम्य केला, तिसऱ्या आवृत्तीत काढूनच टाकला. सिद्धांत तसाच ठेवला. ज्याला आधार नव्हता तो आकडा गेला. शिवाय तिसऱ्या आवृत्तीपासून मुख्य बदलांचा तक्ताच त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीला द्यायला घेतला. जुनी प्रत घरात असलेल्या वाचकाला काय बदललं ते त्यावरून कळत असे. आज किती पुस्तकांत असा तक्ता दिसतो?

पण थांबा. सुधारणा म्हणजे दर वेळी प्रगतीच असते, असंही नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचं वय दोन ते चाळीस कोटी वर्षांच्या दरम्यान काढलं. उत्क्रांतीच्या संथ गतीला एवढा काळ पुरणार नाही, असा आक्षेप आला. अशा आक्षेपांचं दडपण शेवटच्या आवृत्त्यांवर स्पष्ट दिसतं. सहाव्या आवृत्तीत तर आक्षेपांना उत्तरं देण्यासाठी एक नवं प्रकरणच आहे, आणि मूळ युक्तिवाद काही ठिकाणी दबून जातो. आज आपण पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानतो. म्हणजे केल्विन यांच्यापुढे डार्विन यांनी जेवढं नमतं घेतलं, तेवढं घ्यायची गरजच नव्हती. म्हणून आज अनेक अभ्यासक पहिली आवृत्ती वाचायला सांगतात. आमचाही सल्ला तोच.

आता संख्याशास्त्राकडे वळू, कारण तिथे न सुधारलेल्या वाक्याची किंमत जास्त मोठी असते. रोनाल्ड फिशर यांचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स' १९२५ मध्ये निघालं. तेव्हा ते इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते. खतांच्या प्रयोगात दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे कसं ठरवायचं? फिशर म्हणाले, खताचा काही परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक वीसात एकदाच दिसणार असेल, तर तिथे रेघ मारणं सोयीचं. 'सोयीचं' हा शब्द लक्षात ठेवा. त्यांनी तो निसर्गाचा नियम म्हणून सांगितला नव्हता. पण पुस्तकातले तक्ते असे हाताशी होते, की जगभरच्या संशोधकांनी रेघ उचलली आणि 'सोयीचं' मागे राहिलं. पुस्तकाच्या चौदा आवृत्त्या झाल्या, शेवटची १९७० मध्ये, फिशर गेल्यानंतर आठ वर्षांनी. अशी एकच ठरावीक रेघ कुठलाही संशोधक सदासर्वकाळ वापरत नसतो, असं फिशर यांनीच बजावलं होतं, पण ते १९५६ च्या दुसऱ्या पुस्तकात. ते पुस्तक पहिल्याइतकं कुणी हाताळलं नाही.

बिघडलं कुठे, ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, एक हजार कल्पना तपासल्या. त्यातल्या शंभर खऱ्या, नऊशे पोकळ. वीसात एक या रेघेने नऊशेपैकी सुमारे पंचेचाळीस पोकळ कल्पना 'सिद्ध' ठरतील. आता प्रयोग लहान असले, वीस-पंचवीस माणसांवर केलेले, तर खऱ्या शंभरपैकी समजा निम्म्याच हाती लागल्या, म्हणजे पन्नास. एकूण 'शोध' पंचाण्णव, आणि त्यातले जवळजवळ निम्मे फुसके! लोक मात्र समजतात, की चूक वीसात एकच. अमेरिकन संख्याशास्त्र संघाने मार्च २०१६ मध्ये या गैरसमजाविरुद्ध अधिकृत निवेदन काढलं. फिशर यांच्या पुस्तकानंतर तब्बल एक्याण्णव वर्षांनी!

याचा फटका भल्याभल्यांना बसला. डॅनियल कानेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११) आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. त्याच्या चौथ्या प्रकरणात एक प्रयोग येतो: म्हातारपणाशी जोडलेले शब्द वाचले की तरुण विद्यार्थी हळू चालू लागतात. हे निष्कर्ष नाकारण्याची सोयच नाही, अशा अर्थाचं कानेमन यांनी तिथे लिहिलं. पुढे असे प्रयोग इतरांनी करून पाहिले, तर परिणाम टिकला नाही. २०१७ मध्ये कानेमन यांनी जाहीरपणे मान्य केलं, की लहान नमुन्यांच्या प्रयोगांवर आपण नको तेवढा विश्वास ठेवला. यातली गंमत, किंवा खंत म्हणा, अशी, की लहान नमुन्यांवर भरवसा ठेवू नका हे त्यांनीच ट्व्हर्स्की यांच्यासोबत १९७१ मध्ये लिहिलं होतं. एवढी मोठी कबुली देणाऱ्या माणसाबद्दल आमचा आदर वाढला. पण कबुली एका जागी आणि पुस्तक दुसऱ्या जागी, याला काय म्हणायचं? दुकानातून प्रत घेणाऱ्याला ती कबुली दिसत नाही. एक पानभर टिपण पुरलं असतं.

आणि न सुधारताच अमर झालेलं पुस्तक? डॅरेल हफ यांचं 'हाऊ टु लाय विथ स्टॅटिस्टिक्स', १९५४. चुरचुरीत, छोटं, अजूनही वाचनीय. पण ते एकच गोष्ट शिकवतं: आकड्यांवर शंका घ्या. पुढे हफ यांनीच सिगारेट कंपन्यांच्या बाजूने अमेरिकी संसदेपुढे साक्ष दिली आणि धूम्रपानाविषयीच्या आकड्यांवर शंका पसरवली. नुसती शंका कुणाच्याही कामी येते, खोटं बोलणाऱ्याच्यासुद्धा. म्हणून आज कुणाला एकच पुस्तक घ्यायचं असेल, तर आम्ही डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांचं 'द आर्ट ऑफ स्टॅटिस्टिक्स' (२०१९) सुचवतो. हॅरॉल्ड शिपमन या खुनी डॉक्टरच्या प्रकरणापासून ते सुरू होतं, आणि आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा हेही शिकवतं. ते हफइतकं झटपट वाचून होत नाही, काही प्रकरणं दोनदा वाचावी लागतात. त्याला इलाज नाही.

गणिताबद्दल थोडक्यात. डोनाल्ड नुथ त्यांच्या 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेत पहिल्यांदा चूक दाखवणाऱ्याला २००८ पर्यंत २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत असत. अनेक वाचक तो वटवत नसत, चौकटीत लावून ठेवत. चूक दाखवणं हा लेखकाचा अपमान नसतो, हे त्यांनी अडीच डॉलरांत पटवून दिलं.

आपल्याकडे काय चित्र आहे? मराठीत 'आवृत्ती' हा शब्द आपण सैल वापरतो. तीच पानं पुन्हा छापली तरी 'पाचवी आवृत्ती'. ते पुनर्मुद्रण आहे, आणि तसं म्हणण्यात कमीपणा नाही. लहान प्रकाशकाला नवी अक्षरजुळणी परवडत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण चारोळीएवढी शुद्धिपत्राची चिठ्ठी पुस्तकात घालायला किती खर्च येतो?

तर त्या श्रोत्यांना आमचं उत्तर: ताजं की जुनं हा पहिला प्रश्न नाही. दुकानात उभ्या उभ्या प्रस्तावना उघडा. 'या आवृत्तीत अमुक चुकलं होतं, ते बदललं' असं एक जरी वाक्य सापडलं, तर पुस्तक घ्या. नुसतं 'वाचकांच्या उदंड प्रतिसादामुळे' असेल, तर ग्रह मोजून बघा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.