'इच्छामती' : नदी आणि नकाशा

'पथेर पांचाली'कार बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'इच्छामती' ही कादंबरी १९५० साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. लेखकाचे गाव याच नदीकाठचे. १९४७ साली जेसोर जिल्हा तुटला. बनगावचा हा मुलूख भारतात आला, बाकीचा पलीकडे गेला. कादंबरी मात्र एकोणिसाव्या शतकात, निळीच्या कोठ्यांच्या दिवसांत रमते. ही पळवाट आहे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही.

वाचकांनी नकाशा समोर घ्यावा. माजदियाजवळ माथाभांगेपासून फुटून ही लहानशी नदी बांगलादेशात शिरते, पुन्हा भारतात येते, नि टाकीजवळ स्वतःच सरहद्द होते. मुखाशी गाळ साचल्याने उन्हाळ्यात वरचे पाणी तुटते. खाली भरती-ओहोटी चालूच. अशी नदी अखंड दाखवायची तर कथा फाळणीच्या मागे नेणे भागच होते. तिलू, बिलू, नीलू या एकाच नवऱ्याला दिलेल्या तिघी बहिणी. त्यांच्या दृष्टीने पैलतीर म्हणजे नुसते पैलतीर. त्यांचे पती भवानी यांची वेदान्तचर्चा मात्र मला फार लांबलेली वाटली. ती चालू असता माझे लक्ष आपले घाटाकडेच.