पीपीईच्या पाठीवरचं नाव

'७६ डेज' हा वुहानमधल्या रुग्णालयांवरचा माहितीपट सुरू होतो, तेव्हा कोण डॉक्टर, कोण नर्स, काहीच कळत नाही. सगळे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. त्यातली एक बाई किंचाळत धावतेय. तिचे वडील गेलेत, तिला त्यांना शेवटचं बघायचंय. सहकारी तिला धरून ठेवतात, जाऊ देत नाहीत. ना निवेदक, ना मुलाखत, ना रडवणारं संगीत. मला ते इतकं अंगावर आलं की मी फोन बाजूला ठेवला.

२३ जानेवारी ते ८ एप्रिल २०२० असे ७६ दिवस वुहान बंद होतं. शहरातल्या चार रुग्णालयांत दोघांनी चित्रण केलं आणि हाओ वूने न्यूयॉर्कमध्ये बसून ते जुळवलं.

आपल्याकडे त्याच काळात 'कोविड योद्धा' हा शब्द रुजला. ३ मे २०२० ला हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं उधळली गेली. मला हा शब्द तेव्हाही खटकायचा. एकदा योद्धा म्हटलं की मरणं हा नोकरीचाच भाग होऊन बसतो, आणि मास्क का पुरत नाहीत हे विचारणं कुरकुर ठरतं. या फिल्ममध्ये योद्धा दिसत नाही. दिसतात ती कामं. बाहेर थंडीत माणसं दार ठोठावतायत, आतून कर्मचारी दार रेटून धरत एकेकाला आत घेतायत. ओळखू यावं म्हणून एकमेकांच्या सूटवर नावं लिहितायत, चित्रं काढतायत. एक विसराळू म्हातारे आजोबा, पूर्वी मासेमारी करणारे, सारखे घरी जायला निघतात, आणि त्यांना दर वेळी तितक्याच मायेने परत खाटेवर आणलं जातं. इथे मला हसूही आलं. वॉर्डातला कंटाळा आणि चिडचिड दाखवायला धीर लागतो, आणि तो या फिल्मकडे आहे.

सगळ्यात जास्त लक्षात राहते ती मुख्य परिचारिका. मेलेल्यांचे फोन आणि ओळखपत्रं ती जंतुनाशकाने पुसून ठेवते, मग नातेवाइकांना फोन करते. हे काम कुठल्या वैद्यकीय पुस्तकात शिकवत असतील?

पण माझी एक तक्रार आहे. कॅमेरा वॉर्डाबाहेर फारसा जातच नाही, त्यामुळे या लोकांवर ही वेळ कशी आली हा प्रश्नही दाराबाहेरच राहतो. वुहानमधलेच नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला आपल्या डॉक्टर मित्रांना मेसेज करून सावध केलं. पोलिसांनी बोलावून त्यांच्याकडून 'अफवा पसरवल्या' अशा कागदावर सही घेतली. नंतर त्यांनाच लागण झाली आणि ७ फेब्रुवारीला ते गेले. म्हणजे या ७६ दिवसांच्या आतच. फिल्ममध्ये त्यांची गोष्ट नाही. डॉक्टरांचा अनुभव म्हणजे फक्त दमणं आणि रडणं नव्हे, गप्प बसवलं जाणंही त्यातच येतं. ते वगळलं की हाताशी उरते ती माया, आणि माया कुठल्याही सरकारला चालते.

एवढं म्हणूनही मी दिग्दर्शकांना भित्रे म्हणणार नाही. श्रेयनामावलीत तीन दिग्दर्शक आहेत: हाओ वू, वेशी चेन, आणि तिसऱ्याच्या जागी फक्त 'अनामिक'.