'एकटा जीव' : किस्सा आणि आत्मकथन

दादा कोंडके यांचे 'एकटा जीव' हे अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन बहुधा किस्स्यांचा संग्रह म्हणून वाचले जाते. त्यामुळे त्याच्या रूपबंधाचा प्रश्न दुर्लक्षित राहतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधील दादांचा हवालदार संहितेइतकाच उत्स्फूर्त बतावणीवर उभा होता. बतावणीतील विनोद समोरच्या प्रेक्षकाच्या प्रतिसादाने पूर्ण होतो. मुद्रित किस्स्याला हा आधार नसतो. म्हणून हशा ओसरल्यानंतरचे रितेपण येथे उघडे पडते.

या दृष्टीने शीर्षक अर्थपूर्ण आहे. 'एकटा जीव सदाशिव' ही निःसंग, निर्धास्त माणसासाठीची म्हण. तेच दादांच्या १९७२ च्या चित्रपटाचे नाव. ग्रंथनामातून 'सदाशिव' गळतो आणि केवळ एकटेपण उरते.

शब्दांकनामुळे येथील 'मी' दुहेरी होतो : सांगणारा एक, लिहिणारा दुसरा. त्यामुळे या ग्रंथाला चित्रपटसृष्टीचा निखळ पुरावा मानण्यापेक्षा 'सोंगाड्या'कर्त्याचे अखेरचे सोंग मानणे अधिक न्याय्य ठरेल. सोंग म्हणजे असत्य नव्हे. लोकनाट्यात अप्रिय सत्य बहुधा सोंगाच्याच मुखातून येते.