हरणाऱ्यांचा प्रेक्षक

शोकान्त नाटक पाहून प्रेक्षकाला आनंद कां व्हावा, हा प्रश्न आमच्या साहित्यचर्चेंत इतक्या वेळां येऊन गेला आहे कीं, त्याचें नुसतें नांव काढतांच वाचक पान उलटील अशी आम्हांस भीति वाटते. तरी आज तोच प्रश्न आम्ही उलट्या बाजूनें विचारणार आहों. डोळ्यांसमोर पराभव चालला आहे, तोहि लटका नव्हे, खरा; पाहणारा त्यांत नाटकगृहांतल्या रसिकाहून अधिक तन्मय झालेला आहे; आणि तरीहि त्याच्या पदरांत आनंदाचा लेश पडत नाहीं, पडतो तो निव्वळ संताप. असें कां व्हावें? हा प्रेक्षक रंगभूमीसमोर बसलेला नाहीं. तो अमेरिकेंतील विद्यापीठांच्या फुटबॉलच्या मैदानावर बसला आहे.

ज्यांचीं मुलें-नातवंडें तिकडे शिकावयास गेलीं आहेत, अशा आमच्या पुष्कळ वाचकांना या खेळाची ऐकीव माहिती असेलच. आपल्या कोल्हापूरच्या तालमी खेळतात तो फुटबॉल हा नव्हे. चेंडू अंडाकृति, आणि बहुतेक वेळ तो हातांतच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावयाचा, आणि शेवटच्या रेषेपलीकडे तो नेला कीं सहा गुण पदरांत पडावयाचे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे प्रस्तुत कामापुरतें पुरे. खेळणारीं मुलें अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचीं. त्यांना स्वतःच्या नांवावर पैसा मिळविण्याची मुभा मिळाली ती १ जुलै २०२१ पासून. विद्यापीठें त्यांना स्वतः पैसा देऊं लागलीं तीं २०२५ पासून. हंगामांतले नेमाचे सामने अवघे बारा. क्रिकेटांत आजचा डाव फसला तर उद्यांचा असतो; येथें एका शनिवारची जखम पुढचा शनिवार येईपर्यंत उघडीच राहते.

उदाहरणादाखल आम्हीं नेब्रास्का विद्यापीठाचा संघ घेतला आहे. २०२० च्या शिरगणतीप्रमाणें त्या राज्याची वस्ती सुमारें १९ लक्ष ६१ हजार. तेथें फुटबॉलचा मोठा धंदेवाईक संघ एकहि नाहीं, त्यामुळें राज्यभराची सारी माया या एका विद्यापीठाच्या संघावर. लिंकन शहरांतल्या त्याच्या मैदानाचीं तिकिटें ३ नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्यास संपत आलीं आहेत. बॉब डेव्हनी आणि त्यांच्यामागून टॉम ऑसबोर्न या दोन प्रशिक्षकांच्या हाताखालीं १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशीं पांच राष्ट्रीय विजेतेपदें मिळालीं. एकट्या ऑसबोर्न यांच्या खात्यावर पंचवीस वर्षांत २५५ विजय आणि ४९ पराभव आहेत. १९६२ पासून २००३ पर्यंत विजयांहून पराभव अधिक, असा एकहि हंगाम या लोकांनीं पाहिला नाहीं. म्हणजे तेथला चाळिशीचा गृहस्थ पराभवाच्या हंगामाला जन्मांत भेटलाच नव्हता! अशा माणसाची जेव्हां त्याच्याशीं गांठ पडते, तेव्हां अनुभवाची शिदोरी त्याजपाशीं कांहींच नसते.

आतां २०२१ चा हंगाम पाहूं. बारांपैकीं तीन जिंकले, नऊ हरले. इतक्यावरून हा संघ दुबळा असावा, असेंच कोणीहि म्हणेल. परंतु ते नऊ पराभव एकाखालीं एक मांडून पाहावेत: इलिनॉयशीं आठ गुणांनीं, ओक्लाहोमाशीं सात, मिशिगन स्टेटशीं तीन, मिशिगनशीं तीन, मिनेसोटाशीं सात, पर्ड्यूशीं पांच, ओहायो स्टेटशीं नऊ, विस्कॉन्सिनशीं सात आणि आयोवाशीं सात. नऊ पराभवांची एकूण तूट ५६ गुणांची, आणि जे तीन सामने जिंकले त्यांतली बाकी ११९ गुणांची. साऱ्या वर्षाचा जमाखर्च केला तर संघानें घेतले ३३५ आणि दिले २७२. म्हणजे हिशेबाच्या वहींत नफा, आणि दुकान मात्र बुडालें. मिशिगन स्टेटच्या सामन्यांत नेब्रास्का २०-१३ असा पुढें असतां, शेवटच्या चार मिनिटांत दूर लाथाडावयाचा चेंडू ठरलेल्या बाजूस न जातां भलत्याच बाजूस गेला, प्रतिपक्षाच्या गड्यानें तो उचलून थेट शेवटची रेषा गांठली, आणि जादा वेळांत सामना गेला. आयोवाविरुद्ध २६ नोव्हेंबरला घरच्याच मैदानावर २१-६ अशी आघाडी होती. पुढचे बावीस गुण ओळीनें प्रतिपक्षानें केले.

टीकाकाराच्या दृष्टीनें पाहतां ही अत्यंत वाईट रचना आहे. कोणा नाटककारानें नऊ अंकांचें नाटक लिहिलें, आणि प्रत्येक अंकाच्या शेवटीं नायक पायरीवरून घसरून पडतो असें दाखविलें, तर पहिल्या अंकाला आम्हांला कीव येईल, तिसऱ्याला हसूं येईल आणि पांचव्याला आम्ही उठून घरीं जाऊं. चाहत्याला उठून जातां येत नाहीं, ही त्याची पहिली अडचण.

पराभव म्हणजे नेहमींच असा असतो असें मात्र नाहीं. याच संघाचा २ जानेवारी १९८४ चा एक पराभव आहे. बारा सामने ओळीनें जिंकून नेब्रास्काचा संघ मायामीशीं खेळत होता. अखेरचें मिनिट सरत असतां त्यानें सहा गुण मिळवून ३१-३० पर्यंत मजल मारली. आतां सोपी लाथ मारून एक गुण घेतला असता तर सामना बरोबरींत सुटला असता आणि राष्ट्रीय विजेतेपद बहुधा पदरांत पडलें असतें. ऑसबोर्न यांनीं बरोबरी नाकारली आणि दोन गुणांचा अवघड प्रयत्न करावयास सांगितलें. चेंडू प्रतिपक्षाच्या हाताला लागून खालीं पडला. सामना गेला, विजेतेपदहि गेलें. तथापि आज चाळीस वर्षांनंतरहि नेब्रास्कांतला माणूस तो सामना सांगतो तो मान ताठ ठेवून. कारण त्या पराभवाला कारण होतें आणि तें कारण नायकाच्या स्वभावांत होतें. त्यांत एका माणसानें कांहीं निवडलें. करुणाला जी भारदस्त बैठक लागते ती तेथें आहे. २०२१ च्या नऊ पराभवांत ती शोधून सांपडत नाहीं. चाहत्याचा संताप हरण्याचा आहे त्याहून अधिक तो निरर्थक हरण्याचा आहे, असें आमचें मत आहे.

पण येथें एक शंका उभी राहते. न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची जी उपपत्ति मांडली, तींत वाचक स्वतःची भूमिका न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, आणि या दोन्हींकडे एकदम असण्यांतच आनंद आहे, असा तिचा गाभा होता. अभिनवगुप्तानें रसाचीं जीं विघ्नें सांगितलीं, त्यांतलें एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांत गुरफटलेला असणें. या दोन्ही कसोट्या लावल्या तर फुटबॉलचा चाहता नापासच ठरतो. तो दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतच नाहीं, कारण ती दुसऱ्याची आहे हेंच त्याला मान्य नाहीं. त्याला विचारा, काल काय झालें? तो म्हणेल, ‘आम्ही हरलों.’ मैदानावर तो धांवला नाहीं, त्याच्या अंगाला धूळ लागली नाहीं, तरी ‘आम्ही’! (मासिकांतून लिहितांना आम्हीहि ‘आम्ही’ म्हणतों, परंतु तें केवळ संपादकीय मानाचें. चाहत्याच्या ‘आम्ही’मध्यें रक्त असतें.)

या सर्वनामावर अमेरिकेंत एक मनोरंजक संशोधन झालेलें आहे. रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत असें दाखविलें कीं, शनिवारीं आपला संघ जिंकला तर सोमवारीं विद्यापीठाचें नांव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. आणि सामन्याची हकीकत विचारली असतां विजयाच्या वेळीं ‘आम्ही’ हा शब्द जितका तोंडीं येतो तितका पराभवाच्या वेळीं येत नाहीं. विजय आपला आणि पराभव त्यांचा! वाचकांनीं हंसूं नये. आपल्या घरांत मुलगा पहिला आला तर ‘आमचा’ आणि नापास झाला तर ‘तुमचा’ होतो, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. परंतु या संशोधनानें आमच्या प्रश्नावर नकळत चांगला प्रकाश पाडला आहे. सामान्य मनुष्य ‘आम्ही’कडून ‘ते’कडे सरकून स्वतःची सुटका करून घेतो. ज्याला हें सरकणें जमत नाहीं, जो नवव्या पराभवानंतरहि तोच लाल सदरा घालून दुकानांत जातो, त्यालाच आम्ही चाहता म्हणूं. त्याच्या चिडीचें मूळ या न सरकण्यांत आहे.

पराभूत प्रेक्षकाचें मन मांडणारा इंग्रजींतला प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे फ्रेडरिक एक्स्ली यांचा १९६८ सालचा ‘अ फॅन्स नोट्स’. त्यांतला निवेदक फ्रँक गिफर्ड या खेळाडूचा भक्त आहे. दोघे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांत एकाच काळीं होते. पुढें एकजण न्यूयॉर्कच्या धंदेवाईक संघांत कीर्तीस चढला, दुसरा दारूंत आणि वेड्यांच्या इस्पितळांत बुडाला. दुसऱ्याचा खेळ पाहणें हेंच आपलें प्राक्तन आहे, हा त्याला झालेला साक्षात्कार फार प्रामाणिक आहे. तरीहि हा ग्रंथ आमच्या प्रश्नाच्या दारापर्यंतच नेतो. त्यांतला चाहता एकटा आहे, आणि त्याचा देव बहुधा जिंकणारा आहे. ऐंशी-पंचाऐंशी हजार माणसें एकत्र बसून एकच दुःख करतात आणि त्या दुःखाचा कोणा एकावर आरोप करूं पाहतात, तेव्हां काय होतें, हें त्यांत नाहीं.

काय होतें, तें नेब्रास्काच्या इतिहासांत आहे. न सरकणाऱ्या माणसालाहि एक चोरवाट असते. ‘आम्ही’ हें सर्वनाम सोडावयाचें नाहीं, पण त्यांतून एका माणसाला बाहेर काढावयाचें, आणि सारा पराभव त्याच्या शिरीं बांधावयाचा. २००३ सालीं नऊ सामने जिंकून तीन हरलेल्या फ्रँक सोलिच यांना काढलें. पुढच्याच वर्षीं, ४२ वर्षांत प्रथमच, पराभवाचा हंगाम आला. २०१४ सालीं पुन्हां नऊ विजय व तीन पराभव, आणि बो पेलिनी यांना काढलें. त्यांची कारकीर्द वादातीत होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नऊ विजय म्हणजे नाकर्तेपणा, असें ज्यांना वाटलें त्यांना पुढच्या आठ वर्षांत नऊ विजय एकदांच, २०१६ सालीं दिसले. चाहत्याच्या असंतोषानेंच त्याचें आवडतें घर पोखरलें, हें कटु असलें तरी म्हटलें पाहिजे. नापसंति ही टीकेची पहिली पायरी असेल. पण नापसंतीला कारण सांपडलें नाहीं म्हणून गुन्हेगार शोधणें ही टीका नव्हे.

आणि मग आला स्कॉट फ्रॉस्ट. हा परका नव्हता, नेब्रास्काचाच पुत्र. आधीं स्टॅनफर्डला गेला म्हणून कांहीं जणांच्या मनांत अढी होती, आणि १९९७ सालीं सेंट्रल फ्लॉरिडाविरुद्धच्या सामन्यांत घरच्याच प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो उडविली होती. त्याच हंगामाच्या शेवटीं त्याच्याच हातून राष्ट्रीय विजेतेपद आलें. वीस वर्षांनीं, सेंट्रल फ्लॉरिडाचाच प्रशिक्षक म्हणून एकहि सामना न हरतां, तो घरीं परत आला. कथा इतकी जुळून आली होती कीं, शेवट गोड होणारच असें सर्वांनीं धरून ठेवलें. त्याच्या हाताखालीं संघ १६ जिंकला व ३१ हरला. आणि आठ किंवा त्याहून कमी गुणांनीं निकाल लागलेल्या सामन्यांत तर ५ विजय आणि २२ पराभव. वर सांगितलेला २०२१ चा हंगाम त्याचाच.

येथें चोरवाट बंद झाली. ज्याला ‘आम्ही’मधून बाहेर काढावयाचें तो ‘आम्ही’चा अर्कच होता. त्याला बोल लावणें म्हणजे १९९७ ला बोल लावणें. म्हणून प्रथम, हंगाम चालू असतांच, चार साहाय्यक प्रशिक्षकांना निरोप देण्यांत आला. अखेर ११ सप्टेंबर २०२२ रोजीं त्यालाहि काढलें. करारान्वयें त्याला दीड कोट डॉलर द्यावे लागले. १ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे वीस दिवस कळ सोसली असती, तर ती रक्कम निम्म्यावर येणार होती. आम्हांला या आंकड्यांत सारी अगतिकता दिसते. पाऊण कोट डॉलर वीस दिवसांसाठीं! इतका महाग वैताग कोणत्याहि शोकान्त नाटकानें आपल्या प्रेक्षकाला दिला नसेल.

मग हा प्रेक्षक अरसिकच म्हणावयाचा काय? केळकरांच्या कसोटीनें होय. पण आमचें मन तितकें कठोर होत नाहीं. रसिकाची तटस्थता सुंदर असते, तशी ती स्वस्तहि असते. पडदा पडल्यावर त्याच्यावर कोणतेंहि ऋण उरत नाहीं. चेंडू चुकीच्या बाजूस मारणारा तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा सोमवारीं वर्गांत जातो, तेव्हां त्याला ‘आमचा’ म्हणणारें कोणी तरी गांवांत असावें लागतें, आणि तें काम तटस्थ रसिकाच्यानें होण्यासारखें नाहीं. चाहत्यानें प्रशिक्षकावर राग काढला, मंडळांवर काढला, नशिबावर काढला. पण मैदानाकडे पाठ फिरविली नाहीं. त्याचा संताप आणि त्याची निष्ठा हीं एकाच खुर्चींत बसतात, आणि एकीला उठवून दुसरीला ठेवतां येत नाहीं.

फ्रॉस्टला काढण्यापूर्वीं पंधरा दिवस, २७ ऑगस्ट २०२२ रोजीं, हंगामाचा पहिला सामना नॉर्थवेस्टर्नशीं होता. आणि तो आयर्लंडांत, डब्लिन शहरीं ठेवलेला होता. आदल्या वर्षीं नऊदां हरलेल्या या संघामागें नेब्रास्काची माणसें लाल सदरे घालून समुद्र ओलांडून गेलीं. तिसऱ्या डावांत संघ २८-१७ असा पुढें होता. तेथें फ्रॉस्टनें, कांहीं गरज नसतां, चेंडू जवळच मारून पुन्हां आपल्याच हातीं घेण्याची जोखीम पत्करली. चेंडू नॉर्थवेस्टर्नच्या हातीं गेला, आणि सामना ३१-२८ असा गेला.